वाचलेला हवालदार

हवालदार दादाभाऊ कोकरे त्या दुपारी गोदामात पडला तो उपाशी होता म्हणून. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक होतं. उरलेल्या जिल्ह्याला मात्र ते मान्य नव्हतं.

श्रावणी सोमवार होता. पहाटेपासून दादाभाऊ भीमाशंकरच्या पायऱ्यांवर बंदोबस्ताला उभा. ढग इतके खाली उतरलेले की समोरचा भाविक बोलता बोलता दिसेनासा व्हायचा. सोमवारचा उपास त्याने कधी मोडला नव्हता, पण एरवी साबुदाण्याची खिचडी नाहीतर शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी पोटात जायचं. त्या दिवशी खिचडीचं पातेलं गर्दीत कुठेतरी अडकलं आणि त्याच्या वाट्याला नुसता चहा आला. ड्यूटी संपवून, घोडेगाव-मंचर करत तो नारायणगावात उतरला, तर सबइन्स्पेक्टर मोहित साहेब जीप चालू ठेवूनच वाट बघत होते.

"चला दादाभाऊ. बायपासच्या गोदामात पांढऱ्या पावडरीच्या पुड्या आहेत. टीप पक्की आहे."

"साहेब, दोन घास खाऊन..."

"आल्यावर खा. ही पावडर कसली असेल, तुम्हाला कल्पना आहे ना?"

कल्पना होती. सगळ्या चौकीला होती. नुकतंच तालुक्याच्या सभागृहात एक शिबिर झालं होतं. पोलीस, अग्निशमनवाले, रुग्णवाहिकेवरचे, सगळ्यांना बोलावलेलं. व्याख्यानाला पुण्याचे एक निवृत्त कर्नल होते. त्यांनी सांगितलं की फेंटानिल नावाचं एक औषध असतं, अफूच्याच कुळातलं, पण अफूला घरचा रस्ता दाखवील असं जालीम. ऑपरेशनला, कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टर ते देतात. पण शत्रूने ठरवलं तर त्याची पावडर उडवून तो आख्खी पलटण झोपवील. मग त्यांनी व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक धिप्पाड पोलीस पुडीला बोट लावतो आणि तोडलेल्या झाडासारखा आडवा होतो. व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला. कर्नलसाहेब पांढरे संरक्षक सूट विकणाऱ्या एका कंपनीचे सल्लागारही होते. बोलत होते ते देशप्रेमापोटी. देशप्रेम आणि सूट योगायोगाने एकाच बॅगेत होते, एवढंच.

रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टर आशा मॅडम मधल्या रांगेतून उठल्या होत्या. "सर, समोर माणूस पडलाय, श्वास मंदावलाय. आम्ही काय करायचं?"

"आधी तुम्ही जिवंत राहायचं."

"ते राहिलो. मग?"

"सूट येईपर्यंत लांब थांबायचं."

"आणि तोवर त्याचा श्वास?"

"प्रश्न आपण शेवटी घेऊ," कर्नलसाहेब म्हणाले. शेवटी जेवण होतं.

तर असा तो व्हिडिओ डोक्यात घेऊन दादाभाऊ गोदामात शिरला. आत उकाडा, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटचा आंबूस वास आणि मधोमध खोक्यांची थप्पी. मोहित साहेबांनी लांबूनच बोट दाखवलं. दादाभाऊने खोकं फोडलं, पुडी काढली, कापली. वर पंखा चालू होता हे कुणाच्या लक्षात नव्हतं. पांढरा धुरळा उठला आणि सरळ त्याच्या मिशीत बसला. त्याला तो धिप्पाड पोलीस आठवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो क्रेटांवर कोसळला.

शुद्धीवर आला तेव्हा नाकात काहीतरी गार उतरत होतं आणि वर मोहित साहेबांचा चेहरा उलटा दिसत होता. शिबिरात फेंटानिलवरचा उतारा म्हणून वाटलेला औषधाचा फवारा साहेबांच्या हातात होता.

"साहेब, उपास व्हता," दादाभाऊ म्हणाला.

"बोलू नका. भ्रम होतोय तुम्हाला."

"न्हाई ओ, खरंच उपास..."

साहेबांनी दुसऱ्या नाकपुडीत फवारा मारला.

ग्रामीण रुग्णालयात आशा मॅडमनी त्याच्या बोटाचं रक्त तपासलं, पापण्या वर करून पाहिल्या, छातीला नळी लावली. "साखर उतरलीय. सकाळपासून काय खाल्लं?"

"चा घेतला."

"साहेब, यांना काही झालेलं नाही. सलाईन लावते, मग जेवू द्या."

मोहित साहेबांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, बाहेर पत्रकार उभे आहेत."

"मग त्यांनाही सांगा, जेवून येत जा."

पत्रकारांना ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मोहित साहेबांचा फोटो होता, हातात फवारा धरलेला. मृत्यूच्या दाढेतून सहकाऱ्याला ओढून काढणारा अधिकारी. दादाभाऊचे फोटोत फक्त बूट आले होते.

दादाभाऊ सुट्टीवरून परतला तर त्याच्या कामाचं स्वरूपच बदललेलं. आता तो वाचलेला हवालदार होता. कर्नलसाहेबांचं शिबिर जिथे असेल तिथे त्याला जीपमधून नेत. जुन्नर झालं, मंचर झालं, घोडेगाव झालं. स्टेजवर खुर्ची, गळ्यात हार, मागच्या पडद्यावर त्याच गोदामाचं चित्र. पहिल्या वेळी त्याने माइकवर सरळ सांगितलं, "खरं सांगायचं तर मला उपासानं चक्कर आली व्हती." कर्नलसाहेबांनी हळुवारपणे माइक काढून घेतला आणि म्हणाले, "पाहिलंत? स्मृतीवर परिणाम. आजही." लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तो एवढंच म्हणायचा, "मला काय आठवत न्हाई." हे वाक्य लोकांना फार भिडायचं. मंचरला एक बाई रडल्या.

घरी तानूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, तुमी साहेबाला खरं सांगून टाका की."

"सांगितलं दोनदा. दर खेपेला नाकात फवारा मारत्यात."

तिला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण एव्हाना गावात वेगळंच सुरू झालं होतं. चहाच्या टपरीवर दादाभाऊचा ग्लास बाजूला ठेवायला लागले. ज्याच्याशी तो रोज डबा वाटून खायचा तो सहकारी पलीकडच्या बाकावर बसायला लागला. धाकटी लेक सृष्टी बाळंत झाली, तिच्या सासरी बारशाला दोघं गेले. तान्ह्या नातवाला घ्यायला दादाभाऊने हात पुढे केले तर विहीणबाईंनी बाळ पदराखाली ओढलं. "राहू द्या भाऊ. तसं काय नाय, पण तुमच्या अंगात अजून थोडं असंल तर... ल्हान जीव हाय." दादाभाऊने हात मागे घेऊन पाठीशी बांधले, परेडला उभे राहतात तसे. घुगऱ्या खाऊन दोघं परतले. वाटेत जीपवाल्याला तानूबाई उगीचच भाड्यावरून बोलली.

त्या रात्रीनंतर दादाभाऊला स्वतःचीच शंका यायला लागली. माणूस एकच गोष्ट इतक्या खुर्च्यांवर बसून ऐकतो तेव्हा ती थोडीथोडी खरी होत जाते. हाताला मुंग्या आल्या की तो बोटांकडे बघत बसायचा.

ऑक्टोबरच्या उन्हात सूट आले. मैदानावर प्रात्यक्षिक झालं. एका तरण्याबांड शिपायाला सूट चढवला, चेन गळ्यापर्यंत ओढली, काचेचा मुखवटा लावला आणि भाषणं सुरू केली. दुसऱ्या पाहुण्याचं भाषण संपायच्या आत शिपाई जागच्या जागी बसला आणि मग आडवा झाला. सूट काढला तर आतून पाण्याचा लोट आला. कर्नलसाहेब गंभीर झाले. "सूट चढवताना कुठेतरी स्पर्श झालेला दिसतोय."

अग्निशमनचा एक जुना माणूस म्हणाला, "पण सर, इथं मैदानात पावडर हाय कुठं?"

"दिसत नाही," कर्नलसाहेब म्हणाले. "तोच तर धोका आहे."

सूटांची मागणी वाढवण्यात आली.

मग प्रयोगशाळेचा निकाल आला. गोदामातल्या पुड्यांत ग्लुकोज होतं आणि थोडी मक्याची पावडर. कुणी भामटा द्राक्षाचे घड फुगवायचं टॉनिक म्हणून ते बागायतदारांना विकत होता. मोहित साहेबांनी दादाभाऊला केबिनमध्ये बोलावून, दार लावून हे सांगितलं. दादाभाऊला एकदम हलकं वाटलं. ज्या ग्लुकोजवाचून तो पडला होता तेच त्याच्या मिशीत बसलं होतं. चाटलं असतं तरी उठला असता.

"मग आता सगळ्यांस्नी सांगू या, साहेब."

मोहित साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोकं खाजवलं. "मी कर्नलसाहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, पदार्थ इतका तीव्र असतो की कधीकधी तो चाचणीत सापडतच नाही. आणि दादाभाऊ, पुढच्या महिन्यापर्यंतचे कार्यक्रम ठरलेत हो."

थंडी पडली. खोडदला पहाटे रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या धुक्यात निम्म्याच दिसायला लागल्या. अशाच एका दुपारी त्या गावातून नियंत्रण कक्षाला फोन गेला. फोन करणारी आरोही नावाची सून होती. सासरे धर्माजी अंगणात बाजेवर पडलेत, घोरल्यासारखा आवाज येतोय, हलवलं तरी उठत नाहीत. सासूबाई ठमाबाई कॅन्सरने गेल्या, त्यांच्या दुखण्यावरच्या चिकटपट्ट्या घरात शिल्लक होत्या; त्या म्हाताऱ्याने पाठीला चिकटवल्यात. पलीकडून विचारलं, खोक्यावर काय नाव आहे? आरोहीने अक्षर अक्षर जुळवून वाचलं, "फेंटानिल."

पलीकडच्या मुलाने हे नाव रोज समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरवर वाचलेलं होतं. त्याने जे जे बटण होतं ते दाबलं.

दादाभाऊ आणि मोहित साहेब पोचले तेव्हा घराभोवती पोलिसी बंदीची प्लास्टिकची पट्टी बांधायचं काम सुरू होतं. अग्निशमनचा बंब आला होता, दुसऱ्या चौकीची जीप आली होती, गाव शेताच्या बांधावर दाटीने उभं होतं. आरोहीला अंगणातून ओढून एका लिंबाखाली एकटीला बसवलं होतं. ती तिथून ओरडत होती, "अवो, ओठ काळे पडाय लागलेत त्यांचे. कुणीतरी बघा."

"तुम्ही हात लावलाय त्यांना. हलू नका," तिला सांगत होते.

बाजेवर धर्माजी कुशीवर पडला होता. मेंढ्यांमागे आयुष्य काढलेला काटक म्हातारा, बंडी वर सरकलेली, पाठीवर पट्ट्या. शेजारी फडक्यात गुंडाळलेली तापवलेली वीट पडली होती. श्वास यायचा, मग थांबायचा. मग इतका वेळ यायचा नाही की बघणाऱ्याचाच अडकायचा.

रुग्णवाहिका पट्टीपाशी अडवलेली होती. आशा मॅडम खाली उतरून मोहित साहेबांसमोर उभ्या राहिल्या. हातात श्वास द्यायचा फुगा आणि मास्क.

"साहेब, मला आत सोडा."

"सूट आल्याशिवाय नाही, मॅडम. नियम आहे."

"सूट कुठे आहेत?"

"पुण्याला. प्रदर्शनात."

"साहेब, त्या पट्ट्या आहेत, पावडर नाही. हातमोजे घातले की झालं. तो माणूस श्वास घ्यायचा विसरतोय, त्याला कुणीतरी श्वास द्यायला हवा. आत्ता."

"मॅडम, मी जबाबदारी नाही घेऊ शकत. नुसत्या स्पर्शाने काय होतं ते यांनाच विचारा." आणि त्यांनी दादाभाऊकडे हात केला.

सगळ्यांनी दादाभाऊकडे पाहिलं. पोलिसांनी, बंबवाल्यांनी, बांधावरच्या गावाने. त्याचा चेहरा पोस्टरवरही होता.

दादाभाऊ म्हणाला, "मला उपासानं चक्कर आली व्हती, साहेब."

मोहित साहेबांचा हात आपोआप खिशातल्या फवाऱ्याकडे गेला. फवारा बाहेर आला तसा दादाभाऊने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पट्टीखालून वाकून आत गेला.

आपल्याला काही होणार नाही हे त्याच्या डोक्याला पटलेलं होतं, पण गुडघ्यांना पटायचं होतं. चार पावलं गेला असेल तोच मागून आशा मॅडमची हाक आली, "दादाभाऊ, थांबा. आधी हे घाला." हातमोजे आणि मास्क हवेतून आले. तो ते चढवत होता तेवढ्यात मॅडमही पट्टीखालून आत आल्या. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण दादाभाऊ कधी पडतो हे बघण्यात सगळे गुंतले होते. अर्ध्या गावाने मोबाइल वर धरले होते.

मॅडमनी धर्माजीला उताणा केला, हनुवटी वर उचलली, तोंडावर मास्क बसवला. "हा फुगा दाबा. सावकाश. छाती वर आली की सोडा." दादाभाऊने दाबला. म्हाताऱ्याची छाती वर आली. पुन्हा दाबला. मॅडमनी नाकात फवारा मारला. मग दोघांनी त्याला कलता केला आणि मॅडमनी पट्ट्या एकेक करून सोलल्या, चिकट बाजू आत दुमडून पिशवीत टाकल्या, पाठ साध्या पाण्याने पुसली. दादाभाऊचा हात फुग्यावर चालूच होता. मेंढरू अडलं की आत हात घालून कोकरू ओढायला त्याला बापाने शिकवलं होतं. तेव्हाही भीती अशीच वाटायची आणि तेव्हाही हात थांबवून चालायचं नाही.

काळे पडलेले ओठ हळूहळू तांबूस झाले. मग धर्माजीने स्वतःहून एक मोठा श्वास ओढला आणि कण्हला.

बांधावर कुणीतरी म्हणालं, "हवालदार पडला न्हाई की राव." आवाजात थोडी निराशा होती.

धर्माजीने डोळे उघडले. आधी आभाळ पाहिलं, मग मास्कवाला चेहरा. पाठीकडे हात नेला.

"माझ्या पट्ट्या कुणी काढल्या?"

"मी काढल्या, बाबा," मॅडम म्हणाल्या.

"लई दिसांनी पाठ गप झाली व्हती. तुमाला काय नडलं व्हतं?"

"किती लावल्या होत्या?"

"व्हत्या तेवढ्या. एकीनं काय व्हईना." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "ठमाला ह्याच्यानंच झोप लागायची. म्हणलं, तिला गुण आला, मला न्हाई का यायचा."

मॅडमनी सांगितलं की फवाऱ्याचा असर उतरेल आणि अंगात मुरलेलं औषध पुन्हा वर येईल, रात्रभर रुग्णालयात नजरेखाली ठेवायला लागेल. दादाभाऊने म्हाताऱ्याला उचलून स्ट्रेचरवर घेतलं. आरोही लिंबाखालून पळत आली आणि या वेळी तिलाही कुणी थांबवलं नाही.

धर्माजी वाचला. दादाभाऊला नोटीस आली: संरक्षक सूट परिधान न करता बाधित क्षेत्रात प्रवेश का केला, याचा खुलासा करावा. आशा मॅडमनाही आली. आणि वरिष्ठांनी तातडीची बैठक बोलावली, कारण प्रश्न नोटिशीपेक्षा मोठा होता. गावाने काढलेले व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. हवालदाराने नुसते हातमोजे आणि मास्क घालून खऱ्या फेंटानिलच्या रुग्णाला जवळजवळ मांडीवर घेतलं होतं आणि त्याला काहीही झालं नव्हतं. मग सूट कशाला, असं एका आमदाराच्या माणसाने फोन करून विचारलंही होतं.

बैठकीत दादाभाऊने ठरवूनच तोंड उघडलं. "साहेब, मी आता सगळं सांगतो. श्रावणी सोमवार व्हता..."

कर्नलसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा उजळला होता. "सांगायची गरज नाही. उत्तर सरळ आहे. यांना एकदा बाधा होऊन गेली आहे. यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली."

खोलीत सुटकेचा निःश्वास पसरला. आशा मॅडम खुर्ची मागे सारून उठल्या. "सर, ही काय गोवराची साथ आहे का?"

"मॅडम, प्रश्न शेवटी."

नोटिसा मागे घेतल्या गेल्या आणि आदेश निघाला. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत असा संशयित पदार्थ आढळल्यास सर्वांनी सुरक्षित अंतरावर थांबावं. हवालदार कोकरे यांना आत पाठवावं. त्यांना सूटची आवश्यकता नाही.

दादाभाऊ आदेश हातात घेऊन बाहेर आला आणि पायरीवर बसला. उपासाचं वाक्य अजून ओठांवर होतं. आशा मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे तर लईच झालं. ह्यांनी मला विषारी सापच करून टाकलं. वर जाऊन सांगू का एकदा?"

"काय सांगाल?"

"हेच की माझ्या अंगात काय शक्ती-बिक्ती न्हाई."

मॅडमनी तो आदेश मागून घेतला, नीट वाचला. "यात लिहिलंय की तुम्हाला आत जायला कुणी अडवायचं नाही."

"व्हय."

"तुम्ही आत गेलात की तुमच्या मागून मी येणार. हातमोजे माझ्याकडे असतात. फुगाही असतो." त्यांनी कागद परत दिला. "तुम्हाला श्वास द्यायचं नीट शिकवते. उद्या दुपारी या. आणि राहू दे ती शक्ती थोडे दिवस."

दादाभाऊने विचार केला. मग घडी घालून कागद खिशात ठेवला.

तेव्हापासून बोलावणी येतच असतात. मंचरच्या स्टँडवर फुटलेला धुण्याच्या पावडरीचा पुडा, जत्रेत सांडलेली रांगोळी, घोडेगावला एका कॉलेजच्या पोराच्या खिशातलं दंतमंजन. एकदा मात्र हायवेच्या ढाब्यामागे एक ट्रकवाला खरोखर निळा पडलेला सापडला, आणि तो आज गाडी चालवतोय. प्रत्येक ठिकाणी चाळीस माणसं पट्टीबाहेर उभी असतात आणि दादाभाऊ हातमोजे चढवत आत जातो. रुग्णवाहिका त्याच्या मागोमाग. पट्टी वर उचलून धरायला आता दोन शिपाई नेमलेले आहेत.